इंचाच्या मापानं बातम्या विकणारा मालगुडीकार

म्हैसूरच्या कोर्टात, पोलिस ठाण्यात आणि बाजारात बातम्या हुडकत फिरणारा एक पदवीधर तरुण. मद्रासचा पेपर त्याला पगार देत नव्हता. छापून आलेला मजकूर जितका लांब, तितके पैसे! या पायपिटीतून त्याला संसारापुरतेही धड पैसे मिळाले नाहीत, पण एक अख्खं गाव मात्र मिळालं. नकाशावर कुठंच नसलेलं आणि तरीही जगाच्या ओळखीचं झालेलं मालगुडी! आर. के. नारायण यांच्या हसऱ्या लेखणीची आणि न हसण्याजोग्या आयुष्याची ही कहाणी...

सप्टेंबर २०११. म्हैसूरच्या यादवगिरी भागातल्या एका जुन्या दुमजली बंगल्यावर हातोडे पडायला लागले. बंगला विकला गेला होता आणि नवी इमारत उभी राहणार होती. आता हे हल्ली कुठल्या शहरात घडत नाही? म्हैसूरच्या वायव्येला असलेलं हूटगळ्ळी एके काळी शहराबाहेरचं खेडं होतं. आज तिथं कारखाने आहेत, वसाहती आहेत आणि स्वतंत्र नगरपालिकाही आहे. वाढत्या शहरात जुनी घरं जातात, त्याची बातमी होत नाही.

पण या घराची झाली! कारण तिथं पूर्वी आर. के. नारायण राहत होते. वर्तमानपत्रांत मजकूर आला, लोकांनी ओरड केली आणि पाडकाम थांबलं. आपल्याकडं कुठलंही स्मारक वादाशिवाय होत नाही, तसा इथंही वाद झाला. 'हा लेखक इंग्रजीत लिहिणारा; त्याचं स्मारक सरकारी पैशानं कशाला?' असा आक्षेप काही कन्नड साहित्यिकांनी घेतला. अखेर पालिकेनं घर ताब्यात घेतलं, त्याची डागडुजी केली आणि जुलै २०१६मध्ये ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुलं झालं.

वर्तमानपत्रातल्या बातम्यांमुळं नारायण यांचं घर वाचलं, यात एक गंमत आहे. ज्या माणसाचं हे घर, त्यानं आयुष्याच्या उमेदवारीत याच शहरात बातम्या गोळा करून पोट भरायचा खटाटोप केला होता.

इंग्रजीत नापास!

रासिपुरम कृष्णस्वामी अय्यर नारायणस्वामी यांचा जन्म १० ऑक्टोबर १९०६चा, मद्रासमधला. घरात मुलं पुष्कळ. त्यामुळं नारायण यांचं बालपण मद्रासला आजीपाशी गेलं. सोबतीला एक मोर आणि एक माकड! आजी अंगणातल्या झाडांइतकीच नातवाच्या पाठांतराची काळजी घ्यायची. रात्री गोष्टी सांगायची. वडील म्हैसूरला महाराजांच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि नारायणही पुढं तिथं आले. मुख्याध्यापकांचा मुलगा म्हटल्यावर शाळेचं ग्रंथालय हाताशी होतंच. डिकन्सपासून मासिकांपर्यंत जे मिळेल, ते त्यांनी वाचून काढलं.

एवढं वाचणारा मुलगा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. आणि विषय कुठला? इंग्रजी! ज्या भाषेनं पुढं जगभर नाव दिलं, तिनंच पहिला दणका दिला. नारायण यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही. उलट मिटक्या मारत सांगितली. हातात आलेलं रिकामं वर्ष त्यांनी आणखी वाचण्यात घालवलं.

१९३०मध्ये महाराजा कॉलेजातून ते बी. ए. झाले. एम. ए.चा अर्ज घेऊन ते निघाले, तेव्हा एका मित्रानं जिन्यातच अडवलं. 'एम. ए. केलंस, तर साहित्याची गोडी कायमची जाईल,' असं त्यानं बजावलं. नारायण जिन्यावरूनच मागं फिरले. मग चन्नपट्टणच्या सरकारी शाळेत मास्तरकी मिळाली, पण तिथं मन रमेना. थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळून ते घरी परतले आणि जाहीर केलं : 'मी लेखक होणार.'

त्या काळी इंग्रजीत कादंबऱ्या लिहून जगणारा माणूस म्हैसूरमध्ये कुणी पाहिलाच नव्हता. 'हा मुलगा काय करतो?' या प्रश्नाला घरच्यांनी काय उत्तर द्यायचं? नातलगांचे टोमणे चालू झाले. आजीनं मात्र पंचांगात पाहून मुहूर्त काढून दिला. विजयादशमीचा! नवी कोरी वही आणून नारायण यांनी त्या दिवशी पहिलं वाक्य लिहिलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढं एक छोटं रेल्वे स्टेशन उभं राहिलं. मालगुडीचं स्टेशन!

नळावरची भेट आणि मंगळ

१९३३च्या उन्हाळ्यात बहिणीकडं कोइमतूरला गेले असताना नारायण यांना रस्त्यावरच्या नळावर पाणी भरणारी एक मुलगी दिसली. तिचं नाव राजम. तिचे वडीलही हेडमास्तर. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी मुलीकडं निरोप धाडायचा, ही रीत. नारायण यांनी ओळख करून घेतली आणि एके दिवशी थेट तिच्या वडिलांकडंच मागणी घातली. 'मुलगा काय करतो?' याचं उत्तर इथंही अवघडच होतं. त्यात कुंडल्या काढल्या, तर नारायण यांच्या पत्रिकेत सप्तमात मंगळ निघाला. ज्योतिषी म्हणाले, 'बायकोच्या जिवाला धोका.' बरीच खळखळ झाली. दुसऱ्या ज्योतिषाकडून अनुकूल कौल मिळवला गेला आणि लग्न लागलं.

लग्न झालं, तरी कमाई शून्य. कादंबरीचं बाड इंग्लंडमधल्या प्रकाशकांची दारं ठोठावत होतं आणि नकार घेऊन परतत होतं. घर वडिलांच्या पगारावर चाललेलं. बायको आणल्यावर असं कसं चालणार? तेव्हा नारायण यांनी मद्रासच्या 'जस्टिस' या इंग्रजी दैनिकाच्या म्हैसूर वार्ताहराचं काम पत्करलं.

यातही विनोद होताच. 'जस्टिस' हे जस्टिस पार्टीचं, म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीचं मुखपत्र. ब्राह्मणांच्या वर्चस्वावर तुटून पडणारं. आणि त्याचा म्हैसूरचा बातमीदार कोण? तर जन्मानं अय्यर ब्राह्मण! संपादकांची काही हरकत नव्हती. त्यांना बातम्या हव्या होत्या आणि नारायण यांना पैसे.

खुनावर भिस्त

हे पैसे मिळायचे इंचावर. कात्रणं कापायची, छापून आलेल्या मजकुराची लांबी मोजायची आणि त्याप्रमाणं हिशेब पाठवायचा. बातमी कितीही लांब लिहून धाडली, तरी मद्रासला उपसंपादकाची कात्री तयार! पाच परिच्छेदांच्या चार ओळी झाल्या, की कमाईही तेवढीच आटायची. आपल्या शब्दांवर कुणी कात्री चालवली, तर लेखकाचा जीव हळहळतो. इथं तर शब्दांबरोबर भाजीचे पैसेही कापले जात.

रोज सकाळी नारायण घरातून बाहेर पडायचे. कोर्टात डोकवायचे, पोलिसांकडं जायचे, नगरपालिकेच्या सभेत बसायचे, बाजारातून चक्कर मारायचे. कुठं सत्कार, कुठं भाषण, कुठं हाणामारी. मग घाईघाईनं घरी येऊन मजकूर लिहून काढायचा आणि दुपारची टपालवेळ गाठायची. घरी राजम वाट बघत असायची.

म्हैसूर हे तसं शांत, सभ्य, राजाच्या छत्राखालचं गाव. तिथं सनसनाटी बातम्या येणार कुठून? पण नंजनगूड आणि चामराजनगरच्या बाजूनं खुनाचे खटले मात्र नेमानं यायचे. नारायण यांची सारी भिस्त या खुनांवर! कारण खून म्हटला, की उपसंपादकाची कात्री जरा थबकायची. प्रेतं, पंचनामे, फिर्यादी, साक्षीदार यांच्या गर्दीत हा मवाळ स्वभावाचा माणूस वही घेऊन उभा असे. या दिवसांबद्दल नारायण यांनी 'माय डेज' या १९७४मध्ये आलेल्या आत्मकथनात इतक्या मजेत लिहिलंय, की त्यामागची ओढाताण पटकन ध्यानात येत नाही.

हे काम काही काळच टिकलं. पैसे तुटपुंजे आणि तेही रखडत यायचे. मात्र त्यानं एक गोष्ट केली. घरात बसून कल्पना लढवू पाहणाऱ्या तरुणाला गावात ढकललं. वकिलाच्या मागं धावणारा पक्षकार, कोर्टाबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारा कारकून, सभेत बोलायला मिळालं नाही म्हणून रुसलेला नगरसेवक, उधारीवर पुस्तकं छापणारा छापखानेवाला अशी माणसं त्यांनी जवळून पाहिली. पाहणारा त्यांच्याहून वरचा नव्हता, हे महत्त्वाचं. त्याचंही बिल थकलेलं होतं!

मराठी वाचकाला अनिल अवचट आठवतील. हमालांत, विड्या वळणाऱ्या बायकांत, देवाला सोडलेल्या मुरळ्यांत जाऊन त्यांनी आपल्याला त्यांचं जगणं दाखवलं. अवचटांनी पाहिलेलं जसंच्या तसं मांडलं. नारायण यांनी पाहिलेलं मुरवलं आणि त्याची गोष्ट केली. पण माणसांत उतरून, त्यांच्यातलंच एक होऊन पाहायची रीत दोघांचीही.

टेम्समध्ये बुडवायची कादंबरी

इकडं ही पायपीट चालू असताना कादंबरीचं बाड ऑक्सफर्डला शिकत असलेल्या किट्टू पूर्णा या मित्राकडं पोचलं होतं. सगळीकडून नकार आल्यावर वैतागलेल्या नारायण यांनी त्याला कळवलं, की या बाडाला दगड बांध आणि टेम्स नदीत बुडवून टाक. मित्रानं हे ऐकलं नाही! त्यानं बाड नेऊन दिलं ग्रॅहम ग्रीन या तरुण लेखकाला. ग्रीन यांना ते इतकं आवडलं, की प्रकाशक त्यांनीच गाठला. हे लांबलचक नाव इंग्लंडमधल्या लोकांच्या तोंडी बसणार नाही, म्हणून 'आर. के. नारायण' हे आटोपशीर नावही त्यांनीच सुचवलं. ऑक्टोबर १९३५मध्ये 'स्वामी अँड फ्रेंड्स' प्रसिद्ध झाली. पाठोपाठ १९३७मध्ये 'द बॅचलर ऑफ आर्ट्स' आणि १९३८मध्ये 'द डार्क रूम'. तीन पुस्तकं आणि तिन्हींचे प्रकाशक वेगळे; कारण खप फारसा नव्हता. समीक्षक वाखाणत होते, पण वाखाणण्यानं चूल पेटत नाही.

याच सुमारास म्हैसूर सरकारसाठी राज्याची माहिती देणारं प्रवासवर्णन लिहायचं काम मिळालं. त्यासाठी नारायण राज्यभर फिरले. देवळं, धबधबे, खेडी, दंतकथा असं सगळं वहीत उतरलं. 'म्हैसूर' हे पुस्तक झालं आणि मालगुडीच्या भोवतालचा मुलूखही पक्का झाला.

आता कुठं गाडी रुळावर येत होती. राजमची साथ होती, १९३६मध्ये जन्मलेली हेमा अंगणात दुडदुडत होती. आणि जून १९३९मध्ये राजमला विषमज्वर झाला. त्या काळी त्यावर रामबाण औषध नव्हतं. काही दिवसांतच ती गेली. सप्तमातल्या मंगळाचं भाकीत करणारे ज्योतिषी खरे ठरले, असं लोक म्हणाले असतील. नारायण यांच्यापुढं मात्र तीन वर्षांची मुलगी होती. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. हेमाला त्यांनी, एकत्र कुटुंबाच्या आधारानं, स्वतः वाढवलं.

कित्येक महिने लेखणी बंद होती. मद्रासला एका वकील गृहस्थांच्या मदतीनं परलोकाशी संपर्क साधायचेही प्रयत्न त्यांनी केले. यातून १९४५मध्ये 'द इंग्लिश टीचर' आली. तिच्यातला कृष्णन म्हणजे नारायण आणि सुशीला म्हणजे राजम. मालगुडीच्या साऱ्या कादंबऱ्यांत हसू सर्वात कमी असलेली ही कादंबरी. पण तिचा पूर्वार्ध, नव्या संसारातले रुसवेफुगवे आणि वाणसामानाच्या हिशेबाचे तंटे, हसवल्याशिवाय राहत नाही. ज्या घरात दुःख येणार, त्या घरातलं हसूही त्यांनी नोंदवून ठेवलं. बातमीदाराची सवय!

नगरपालिका आणि साहेबाचा पुतळा

वर्तमानपत्राशी असलेलं नातं तुटलं नव्हतं. मद्रासच्या 'हिंदू'त नारायण कथा आणि छोटे लेख लिहू लागले. रांगेत उभं राहण्यापासून छत्रीपर्यंत कुठलाही विषय त्यांना चालायचा. त्यातले निवडक लेख पुढं 'नेक्स्ट संडे' या पुस्तकात आले. दरम्यान म्हैसूरमध्ये त्यांनी 'इंडियन थॉट' नावाचं स्वतःचं त्रैमासिक काढलं. ते फार चाललं नाही. मात्र छापखानेवाल्या संपत यांची जन्माची ओळख झाली. बोलण्यात पटाईत, हजार उद्योग करणारे, कधीही 'नाही' न म्हणणारे आणि वेळेवर काहीही न देणारे! त्यांच्यावरून १९४९मध्ये 'मिस्टर संपत' ही कादंबरी आली. तिच्यावर १९५२मध्ये जेमिनीनं मोतीलालला घेऊन हिंदी सिनेमाही काढला.

नगरपालिकेच्या सभांत घालवलेले तासही वाया गेले नाहीत. 'लॉली रोड' ही त्यांची कथा घ्या. स्वातंत्र्य मिळाल्याच्या उत्साहात मालगुडीची नगरपालिका सगळ्या रस्त्यांची नावं बदलते. पत्रं भलत्याच पत्त्यावर जाऊ लागतात! मग सर फ्रेडरिक लॉली या साहेबाचा पुतळा हटवायचं ठरतं. तो उचलून न्यायचं काम एक स्थानिक वार्ताहर पत्करतो. प्रचंड धूड कसंबसं घरात घालतो आणि या जुलमी साहेबाविषयी बातम्या धाडतो. नंतर उघडकीला येतं, की जुलमी लॉली दुसराच. पुतळ्यातला लॉली गावासाठी झिजलेला भला माणूस! आता गाव पुतळा परत मागतं. पण तो घरात असा अडकलाय, की निघता निघत नाही. शेवटी नगराध्यक्ष ते घरच विकत घेतात.

रस्त्यांची नामांतरं आणि पुतळ्यांची राजकारणं आपण महाराष्ट्रात काय कमी पाहिली? पण नारायण कुणावर दात-ओठ खात नाहीत. या कथेत सर्वांत फजिती होते, ती वार्ताहराची. म्हणजे एका परीनं त्यांची स्वतःचीच.

पावसाचा उपास आणि 'गाइड'

हूटगळ्ळीच्या पुढं, म्हैसूरच्या त्याच वायव्य अंगाला कावेरीवरचं कृष्णराजसागर धरण आहे. एका भीषण दुष्काळात हे धरण कोरडं पडलं. तळाला भेगा गेल्या, पाण्याखाली गेलेलं जुनं देऊळ उघडं पडलं. तेव्हा पाऊस यावा म्हणून नगरपालिकेनं प्रार्थना योजली. ब्राह्मणांनी नदीच्या पात्रात, मुद्दाम आणलेल्या गुडघाभर पाण्यात उभं राहून अकरा दिवस उपास आणि जप केला. बाराव्या दिवशी पाऊस आला! नारायण यांच्या डोक्यात प्रश्न आला : समजा, उपास करणाऱ्याची या सगळ्यावर श्रद्धाच नसेल तर? लोकांनीच त्याला साधू ठरवलं असेल तर?

१९५६मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेला गेले. बर्कलेच्या एका हॉटेलात राहून त्यांनी या प्रश्नाची कादंबरी केली. 'द गाइड' १९५८मध्ये आली आणि १९६०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. अमेरिकेतही वही जवळ होतीच. शाकाहारी माणसाची उपाहारगृहात होणारी पंचाईत, कॉफी कशी हवी या प्रश्नानं उडणारी भंबेरी, असं सगळं 'माय डेटलेस डायरी'त आलं.

पुढं देव आनंदनं 'गाइड' सिनेमासाठी घेतली. नारायण यांनी चित्रपटवाल्यांना हौसेनं म्हैसूरची नदी, देवळं, गल्ल्या दाखवल्या. पाहुण्यांनी सारं डोळे भरून पाहिलं आणि शूटिंग मात्र केलं राजस्थानात! लेखकाचं छोटंसं मालगुडी भव्य रंगीत पडद्यावर पार हरवलं. १९६५मध्ये आलेल्या हिंदी 'गाइड'ला लोकांनी डोक्यावर घेतलं. नारायण यांनी मात्र आपल्या फजितीवर एक खुसखुशीत लेख लिहिला.

पडद्यावर त्यांचं मालगुडी खऱ्या अर्थानं उतरलं ते दूरदर्शनवर, १९८६-८७मध्ये. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर हात साफ केलेल्या शंकर नागनं कर्नाटकातल्या आगुंबे गावात 'मालगुडी डेज' चित्रित केली. तिच्यातली रेखाचित्रं होती नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. मुंबईकर झालेल्या या भावानं देशाला 'कॉमन मॅन' दिला. थोरल्यानं तोच सामान्य माणूस शब्दांत दिला होता. एकाच घरात वाढलेल्या दोघांनाही रस्त्यावर उभं राहून माणसं निरखायचा नाद!

दप्तराचं ओझं

१९८६मध्ये राष्ट्रपतींनी नारायण यांची राज्यसभेवर नेमणूक केली. तिथं गाजलं ते १९८९मधलं त्यांचं एक भाषण. त्याचा विषय होता शाळकरी मुलांच्या पाठीवरचं दप्तर! पाठीत वाकून, हात लोंबकळत चालणारी मुलं त्यांनी रस्त्यात पाहिली होती. मुलांचं बालपण कोमेजून चाललंय, हे त्यांनी सभागृहाला सांगितलं. 'स्वामी' लिहिणाऱ्याला शाळेचा जाच नवा नव्हताच. पुढं सरकारनं प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९९३मध्ये आला. दप्तरं अजून हलकी झालेली नाहीत, हे घरोघरच्या आयांना माहीत आहे. पण हा प्रश्न देशाच्या संसदेत एका ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्यानं मांडला, तो रस्त्यातून जाता-येता डोळे उघडे ठेवल्यामुळं.

उतारवयात नारायण मद्रासला लेकीजवळ राहायला गेले. पण नियतीनं तिथंही गाठलं. १९९४मध्ये हेमा कॅन्सरनं गेली. १३ मे २००१ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी नारायण यांनी जगाचा निरोप घेतला.

आज यादवगिरीच्या घरात त्यांची पुस्तकं, कपडे, चष्मा, मानपत्रं मांडून ठेवलीत. खिडकीपाशी बसून ते लिहायचे, ती खोलीही आहे. तिथं उभं राहिलं, की 'लॉली रोड'ची आठवण येते. त्या कथेत नगराध्यक्षांना वार्ताहराचं घर विकत घ्यावं लागतं, कारण आत एका मोठ्या माणसाचा पुतळा अडकलेला असतो. म्हैसूरच्या पालिकेनंही अखेर एका जुन्या वार्ताहराचं घर घेतलं. पुतळा नव्हता, आत एक अख्खं गाव अडकलेलं होतं!

हा योगायोग पाहायला नारायण असते, तर दुपारच्या टपालानं त्याची बातमी नक्की धाडली असती. आणि उपसंपादकानं त्यातले किती इंच ठेवले, तेही मोजलं असतं.